प्रोलॅक्टिन वाढलंय, पिट्युटरीवर ४ मिमीची गाठ. कोणाला दाखवावं?

केतकी:
धाकट्या बहिणीची पाळी काही महिने बंद आहे. वय २९, गरोदर नाही. अधूनमधून स्तनातून दुधासारखा स्राव येतो. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं हार्मोन, ८६ आलं आणि एमआरआयमध्ये पिट्युटरीवर ४ मिमीची गाठ दिसली. 'मेंदूत गाठ' ऐकल्यापासून आईच्या घशाखाली घास उतरत नाहीये. नातेवाईक म्हणतात, थेट न्यूरोसर्जन गाठा. आम्ही कराडचे, पुण्या-मुंबईला जायची तयारी आहे.

रानजाई:
आईंना आधी सांगा, पिट्युटरी ही हार्मोन्स बनवणारी ग्रंथी मेंदूच्या खाली, नाकाच्या मुळामागे हाडाच्या खोबणीत असते. जेमतेम वाटाण्याएवढी. तिच्यावरच्या गाठी कॅन्सरच्या असणं अत्यंत दुर्मिळ. प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ असली तरी बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी ती आकसते. मी स्वतः घेते, आठवड्यातून दोनदा. सुरुवातीला मळमळायचं, म्हणून रात्री जेवणानंतर घ्यायला लागले. तुम्हाला एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे डॉक्टर, हवेत. मुंबईत परळच्या केईएममध्ये त्यांचा स्वतंत्र विभाग आहे.

औषधवाला:
एक विचारू? बहीण ॲसिडिटीची गोळी घेते का? पिट्युटरीची बहुतेक हार्मोन्स वरून, म्हणजे मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाकडून, हुकूम आला की सुटतात. प्रोलॅक्टिनचं उलटं आहे. त्याला डोपामिन हे मेंदूतलं रसायन सतत दाबून ठेवतं. ॲसिडिटीच्या काही गोळ्यांत असणारी डॉमपेरिडोन, लेव्होसल्पिराइड ही औषधं डोपामिनची वाट अडवतात, मग प्रोलॅक्टिन उसळतं. काही मानसिक आजारांच्या औषधांनीही तसंच होतं, पण ती कोणी आपल्या मनाने बंद करू नयेत. थायरॉइड कमी असला तरी प्रोलॅक्टिन वाढतं, तेव्हा टीएसएच बघितलाय ना? आणि एवढीशी गाठ कित्येक धडधाकट माणसांच्या एमआरआयमध्येही सापडते. तिचा याच्याशी संबंध असेलच असं नाही.

केतकी:
टीएसएच नॉर्मल आहे. पण ती रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची डीएसआर कॅप्सूल घेते! कोणी विचारलंच नाही.

औषधवाला:
त्यातला 'डी' म्हणजेच डॉमपेरिडोन. पाकीट डॉक्टरांना दाखवा. सहसा असं औषध तीनेक दिवस थांबवून प्रोलॅक्टिन पुन्हा तपासतात. तेही त्यांना विचारूनच.

रानजाई:
हे फार बरं विचारलंत, दादा. केतकी, एमआरआयची सीडीही न्या, नुसता रिपोर्ट नको. दृष्टीच्या नसांवर दाब येतो तो साधारण १० मिमीच्या पुढच्या गाठींचा. तरीही अचानक भयंकर डोकं दुखलं किंवा बाजूचं दिसेनासं झालं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठा.