मदत हवी आहे: बॉनेट उघडत नाही, केबल गेली की लॅच (बॉनेट अडकवून धरणारी खिट्टी) गंजलं?

नमस्कार मंडळी, पेडण्यात राहतो, गाडी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक, पावसाळाभर माडाखाली उघड्यावरच होती (माहितीये, चूक माझीच). परवा टेम्परेचरचा काटा वर जायला लागला म्हणून कूलंट बघायला गेलो तर बॉनेटच उघडेना. स्टिअरिंगखालचं लिव्हर ओढलं तर अर्ध्यापर्यंत सैल येतं, मग थोडा ताण लागतो, पण तो नेहमीचा टक आवाज येत नाही आणि बॉनेट एक सूतही वर उचलत नाही, म्हणजे बोटाने सरकवायच्या सेफ्टी कॅचपर्यंत पोचतच नाही मी.

भावाला बॉनेट दाबून धरायला लावून लिव्हर ओढून झालं, ग्रिलमधून अंदाजाने गंज सोडवायचा स्प्रेही दोनदा मारला, रात्रभर ठेवलं, शून्य फरक. आतली केबल पक्कडीने ओढायचं धाडस केलं नाही, तुटली तर संपलंच. गॅरेजवाला म्हणतो ग्रिल कापावी लागेल, ते नकोय, आणि काटा चढत असल्याने गाडी म्हापशापर्यंत चालवतही नेता येत नाही. जॅक, स्टँड, पाने घरी आहेत.

बंपर न काढता खालून हात घालून लॅच सोडवता येतं का, आणि कोणी केलं असेल तर नेमकं काय कुठल्या बाजूला ढकलायचं?