मदत हवी आहे: अर्धशिशीसाठी पथ्यादि काढा कितपत सुरक्षित?
माझ्या धाकट्या बहिणीला अर्धशिशीचा त्रास असून डॉक्टरांनी तिला प्रोप्रॅनोलॉल (अर्धशिशीचे झटके टाळण्यासाठी रोज घ्यायचे औषध) सुरू केले आहे. सुंठ उगाळून कपाळावर लावलेला लेप तिला मानवतो, त्याची चिंता नाही; परंतु आता घरातील वडीलधारी मंडळी पथ्यादि काढ्याचा आग्रह धरत आहेत. या काढ्यात हरडा, बेहडा, आवळा, किराईत यांच्याबरोबर गुळवेलही असते, आणि २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली होती, जी आयुष मंत्रालयाने अमान्य केली. (वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, हे मला तरी पटत नाही.) प्रोप्रॅनोलॉल चालू असताना हा काढा कोणी वैद्यांच्या देखरेखीखाली घेतला आहे का, आणि त्याआधी यकृताची रक्ततपासणी करून घेतली होती का, हे कृपया कळवावे.