जुन्या डेस्कटॉपसाठी माफक किमतीची एसएसडी कोणती घ्यावी? (मदत हवी आहे)

नमस्कार,

गोव्यातील डिचोली तालुक्यात आमच्या घरी एक जुना डेस्कटॉप संगणक आहे. त्याच्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपांवर माहिती साठवणारी ड्राइव्ह) बसवायची आहे, त्याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. असा प्रश्न विचारला की ‘जुन्यात पैसे घालू नका, नवीनच घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो की नवा संगणक घ्यायचा नाही. प्रोसेसर चौथ्या पिढीचा कोअर आय-३ आहे, मदरबोर्ड एच-८१ चिपसेटचा, मेमरी ८ जीबी डीडीआर-३ आणि हार्ड डिस्क १ टीबीची, ७२०० आरपीएमची (मिनिटाला इतक्या फेऱ्या घेणारी). वडील निवृत्त शिक्षक आहेत. ते देवस्थानचा पत्रव्यवहार आणि उत्सवातील नाटकांच्या संहिता यावर टंकतात. कालोत्सवात होणाऱ्या नाटकांचे चित्रण साठवणे व त्यातील नको तो भाग कापणे एवढे माझे काम असते. या कामांना प्रोसेसर आणि मेमरी पुरेशी आहे. घोडे पेंड खाते ते डिस्कपाशी.

संगणक सुरू केल्यावर डेस्कटॉप दिसू लागतो, पण नंतर बराच वेळ कशावरही क्लिक केले तरी काही हलत नाही. टास्क मॅनेजर उघडून पाहिले तर डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसतात, आणि प्रत्यक्ष वाचन मात्र सेकंदाला जेमतेम १-२ एमबी चाललेले असते. याचे कारण मला समजले ते असे, की विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली डिस्कच्या निरनिराळ्या भागांतून उचलाव्या लागतात, आणि ७२०० आरपीएमच्या डिस्कला प्रत्येक वेळी हवी ती जागा फिरून हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंद थांबावे लागते. हेड सरकण्याचा वेळ त्याहून वेगळा. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्यामुळे हेच काम साधारण ०.१ मिलिसेकंदात होते. त्यामुळे जाहिरातीतल्या ‘सेकंदाला इतके एमबी’ या आकड्यापेक्षा आमच्या घरी हा फरक मोलाचा आहे, असे मला वाटते.

चौकशीसाठी बाजारात गेलो तेव्हा एका दुकानात एनव्हीएमई ड्राइव्ह (पीसीआय एक्स्प्रेस या वेगवान जोडणीवर चालणारी एसएसडी) आणि ती पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसवण्याचे कार्ड असा जोड सुचवला गेला. मदरबोर्ड कोणता आहे, हे मात्र कोणी विचारले नाही. एच-८१ च्या काळातील बहुतेक बोर्डांचे बायोस (संगणक सुरू करणारी बोर्डावरची प्रणाली) एनव्हीएमईवरून संगणक सुरू करू शकत नाही, आणि माझ्या बोर्डावर एम.२ चा खाचाही नाही. शिवाय एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे, त्या आकारात साटा (हार्ड डिस्कसाठीची जुनी जोडणी) आणि एनव्हीएमई अशा दोन्ही प्रकारच्या ड्राइव्ह येतात, हे तिथे समजावून सांगण्याची वेळ माझ्यावरच आली. तेव्हा अडीच इंची साटा ड्राइव्ह घ्यायची, एवढे ठरले आहे. साटा ३ ची मर्यादा ६ गिगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ५५० एमबी. बाजारातली साधी ड्राइव्हही क्रमाने वाचताना तिथवर पोहोचते. मग वेगासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ दिसत नाही.

माझी अडचण याच्या पुढची आहे. ५०० जीबीच्या आसपासच्या ड्राइव्ह पाहताना किंग्स्टन ए-४०० (४८० जीबी, १६० टीबीडब्ल्यू म्हणजे एकूण १६० टीबी लिहिण्याची हमी, ३ वर्षांची वॉरंटी), डब्ल्यूडी ब्लू एसए-५१० (५०० जीबी, २०० टीबीडब्ल्यू, ५ वर्षे) आणि सॅमसंग ८७० इव्हो (५०० जीबी, ३०० टीबीडब्ल्यू, ५ वर्षे) ही नावे समोर आली. यांपैकी पहिल्या दोहोंत डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची वेगवान मेमरी) नाही, तिसरीत आहे. ड्राइव्हवर कोणती माहिती कोठे आहे याचा तक्ता या डीरॅममध्ये राहतो. डीरॅम नसलेल्या एनव्हीएमई ड्राइव्हला संगणकाच्या मेमरीतला थोडा भाग उसना घेता येतो, पण साटा ड्राइव्हला ती सोय नाही. मग आमच्यासारख्या वापरात डीरॅम नसल्याचा त्रास खरोखर जाणवतो का, की केवळ चाचण्यांच्या आलेखांत दिसतो?

दुसरी काळजी विजेची. पावसाळ्यात आमच्याकडे झाडाची फांदी तारांवर पडली की वीज जाते, येते, पुन्हा जाते. इन्व्हर्टर आहे, तरी तो चालू होतानाच्या क्षणी संगणक कधीकधी बंद पडतो. अशा झटक्यांत एसएसडी हार्ड डिस्कपेक्षा लवकर खराब होते का?

तिसरे, विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ साठी हा प्रोसेसर पात्र नाही. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) घालण्याची माझी तयारी आहे, वडिलांचीही आहे, मात्र मराठी टंकनाची त्यांची सवय मोडता कामा नये. या बदलामुळे ड्राइव्हच्या निवडीत काही फरक पडतो का? ४००० रुपयांच्या आत बसेल ते पाहायचे आहे.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) सध्याची डिस्क पिवळ्या रंगात ‘कॉशन’ दाखवते आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ शून्य नाही.

प्रतिसाद

आपण जी गोष्ट जाता जाता नोंदवली आहे, तिच्यापासूनच सुरुवात करायला हवी. पेंडिंग सेक्टर म्हणजे जे भाग डिस्कला धड वाचता आलेले नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे ते. एसएसडी कोणती, हा प्रश्न आठवडाभर थांबू शकेल, पण संहिता आणि चित्रणे आजच बाहेरच्या डिस्कवर उतरवा. आधी संहिता घ्या, कारण त्या आकाराने लहान आहेत आणि पुन्हा टंकणे अवघड आहे. एखादी फाइल अडली तर तिच्यापाशी झगडत बसू नका, ती सोडून पुढे जा. उरलेल्या शेवटी पाहता येतील.

आता निवड. टीबीडब्ल्यूचा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. रोज २० जीबी लिहिले, आणि घरगुती वापरात एवढे क्वचितच लिहिले जाते, तरी सर्वांत कमी असलेल्या १६० टीबीलाही ८००० दिवस लागतील, म्हणजे सुमारे बावीस वर्षे. तीन तासांच्या नाटकाचे ८ मेगाबिटने केलेले चित्रण ११ जीबीच्या आतच राहते. त्यामुळे टीबीडब्ल्यूपेक्षा वॉरंटीची वर्षे पाहावीत. डीरॅम नसल्याचा परिणाम ड्राइव्ह जवळजवळ भरलेली असताना किंवा एकदम मोठे लेखन होताना जाणवतो. वडिलांच्या टंकनात तो कधीच जाणवणार नाही. मी आपल्या जागी असतो तर पाच वर्षांच्या वॉरंटीची ड्राइव्ह घेतली असती, डीरॅमवाली त्याच रकमेत बसली तर उत्तम, नाही बसली तरी चालेल, आणि कोणतीही घेतली तरी एक पंचमांश जागा मोकळी ठेवली असती. ५०० जीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ४६५ दिसेल. ती मोजण्याच्या पद्धतीतली तफावत आहे, फसवणूक नव्हे. अनोळखी नावाची, अविश्वसनीय स्वस्त २ टीबीची ड्राइव्ह दिसली तर मात्र दुरूनच नमस्कार करावा. दुकानातून पक्के बिल घ्या, वॉरंटीच्या वेळी तेच उपयोगी पडते.

विजेबाबत आपली शंका रास्त आहे. घरगुती एसएसडीत अचानक वीज गेल्यावर हातातले लेखन पूर्ण करण्यापुरती विजेची साठवण सहसा नसते. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ मोडची कळ असेल तर ती निवडा, त्याने बदल लवकर होतो. तरीही संगणक बंद पडत असेल तर लहान यूपीएस वेगळा घ्यावा. एसएसडी बिघडते तेव्हा हार्ड डिस्कसारखी खरखर करून सूचना देत नाही, अनेकदा एके दिवशी ती बायोसमध्ये दिसेनाशी होते. म्हणून बाहेरच्या डिस्कवरची प्रत पुढेही चालू ठेवा.

मिंट असो वा विंडोज, ड्राइव्हच्या निवडीत त्याने फरक पडत नाही. मिंटमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड असतो. वडील जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकत असतील तर गोष्ट वेगळी. त्या फाइली आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतील.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सविस्तर उत्तरासाठी आभार. संहिता उतरवून झाल्या आहेत, चित्रणे उतरत आहेत. वडील इन्स्क्रिप्टमध्येच टंकतात, त्यामुळे तो प्रश्न मिटला. पाच वर्षांच्या वॉरंटीचीच ड्राइव्ह घेतो. बसवताना जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत करावी, की सर्व काही नव्याने टाकावे?

प्रतिसाद

नव्याने टाका. न वाचता येणाऱ्या सेक्टरांपाशी प्रत करण्याचे काम अडते, आणि पुरे झाले तरी खराब झालेल्या फाइली तशाच नव्या ड्राइव्हवर येतात. एच-८१ वर चार साटा पोर्ट असतात, त्यांतील दोनच ६ गिगाबिटचे. बोर्डावर पोर्टच्या शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ते टॉर्च लावून वाचा आणि केबल तिथेच जोडा. बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआय (साटा ड्राइव्हची नेहमीची कार्यपद्धती) आहे ना, हे इन्स्टॉल करण्यापूर्वी पाहून घ्या. कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची जागाच असेल तर एक ब्रॅकेट लागेल. इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. ती जोडलेली राहिली तर बूट लोडर (प्रणाली सुरू करणारा छोटा प्रोग्राम) कधीकधी तिच्यावरच जाऊन बसतो, आणि पुढे ती डिस्क काढली की संगणक सुरूच होत नाही.