आखाजीला छोटी गाडी घ्यावी, की नव्या आवृत्तीसाठी थांबावे?

अमळनेरकर (प्रश्न):

नमस्कार मंडळी. मी अमळनेरला राहतो आणि नोकरीसाठी रोज धुळ्याला जातो. मुलगी छत्रपती संभाजीनगरला शिकत असल्यामुळे चाळीसगावमार्गे कन्नड घाटातूनही अधूनमधून जाणे होते. जुनी डिझेल गाडी आता काढायची आहे. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला बहिणी माहेरी येतात, तेव्हा नवी गाडी दारात असावी असा घरच्यांचा आग्रह आहे. चार मीटरच्या आतली, कंपनीतूनच सीएनजी बसवलेली गाडी घ्यायची असल्याने मारुतीची बलेनो, टाटाची अल्ट्रोझ आणि मारुतीचीच स्विफ्ट या तिघींवर येऊन थांबलो आहे. चालवायला आय-ट्वेंटी सर्वांत आवडली होती, परंतु २०२३ च्या फेरबदलातही तिला सीएनजी मिळाली नाही, म्हणून ती बाजूला ठेवली.

अडचण अशी की मेहुणे म्हणतात, 'बलेनोचे आताचे रूप २०२२ चे आहे, ती लवकरच बदलेल. आज घेतली तर सहा महिन्यांत जुनी दिसेल.' कोणती गाडी केव्हा बदलेल याचा अंदाज कशाच्या आधारे बांधावा, आणि त्यासाठी थांबण्यात खरोखर लाभ आहे का? माझ्या गरजा तीन आहेत: उन्हाळ्यात मागे बसणाऱ्या आईला गारवा मिळावा, टाकी बसवूनही डिकीत सामान मावावे आणि घाटात गाडीने दम टाकू नये.

सातपुडा_प्रवासी:

अमळनेरकर भाऊ, मेहुण्यांचा तर्क अर्धा बरोबर आहे. 'गाडी बदलली' असे आपण सरसकट म्हणतो, पण पिढी बदलणे आणि फेसलिफ्ट होणे यांत फार अंतर आहे. पिढी बदलते तेव्हा बाह्यरूप, आतली मांडणी आणि पुष्कळदा इंजिनही नवे येते. फेसलिफ्टमध्ये बंपर, दिवे, स्क्रीन आणि काही सुविधा बदलतात, गाडी मुळात तीच राहते. याखेरीज एका व्हेरियंटमधली वस्तू दुसऱ्यात देण्याची फेरमांडणी वर्षभर चालूच असते. तिच्यासाठी कोणीही थांबू नये.

अंदाज बांधायचा तर मागच्या तारखा पाहाव्यात. स्विफ्ट आपल्याकडे २००५ मध्ये आली आणि तिच्या पुढच्या पिढ्या २०११, २०१८ व मे २०२४ मध्ये आल्या, म्हणजे साधारण सहा ते सात वर्षांची चाल आहे. त्यामुळे आजच्या स्विफ्टची पिढी इतक्यात बदलेल असे मला वाटत नाही. अल्ट्रोझ जानेवारी २०२० मध्ये आली आणि तिचा मोठा फेसलिफ्ट मे २०२५ मध्ये झाला, म्हणजे तीही नुकतीच ताजी झालेली आहे. बलेनो मात्र ऑक्टोबर २०१५ मध्ये आली, जानेवारी २०१९ मध्ये तिच्यात किरकोळ बदल झाला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मोठा. दोन बदलांतले अंतर तीन-सव्वातीन वर्षांचे होते आणि आता चार वर्षे उलटली आहेत, तेव्हा थांबण्याचा प्रश्न आपल्या यादीत फक्त बलेनोपुरता उरतो.

तरीही या हिशेबावर आंधळा विश्वास ठेवू नये. ह्युंदाईने आय-ट्वेंटीच्या पिढ्या २००८, २०१४ आणि २०२० अशा सहा-सहा वर्षांनी आणल्या; ग्रँड आय-टेन २०१३ मध्ये आली आणि तिची पुढची पिढी निऑस २०१९ मध्ये, म्हणजे तेच अंतर. त्या न्यायाने २०२५ मध्ये निऑसची नवी पिढी यायला हवी होती, ती आली नाही.

त्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे सरकारी नियमांच्या तारखा. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल पूर्णपणे सोडले. १ एप्रिल २०२३ ला त्याच नियमांचा दुसरा टप्पा आला, तेव्हा आय-ट्वेंटीचे डिझेल आणि होंडा जॅझ बाजारातून गेले. सरासरी इंधनवापराचे पुढचे कडक नियम एप्रिल २०२७ पासून लागू करण्याचा प्रस्ताव आहे. इंजिनातला काही मोठा बदल व्हायचा असेल, तर तो त्या सुमारास होईल असा माझा कयास आहे. तोवर जुनी गाडी रेटणे आपल्याला परवडेल असे दिसत नाही.

नवी गाडी प्रत्येक बाबतीत सरस असतेच असेही नाही. स्विफ्टच्या चार सिलिंडरच्या इंजिनाची ताकद सुमारे ९० पीएस (अश्वशक्ती) होती. २०२४ च्या तीन सिलिंडरच्या इंजिनाची सुमारे ८२ आहे. अ‍ॅव्हरेज वाढले, ताकद घटली. ज्याला रोज घाट चढायचा आहे त्याने हा सौदा समजून घ्यावा.

धुळेकर:

मी तारखांपेक्षा आपल्या तीन गरजांकडे पाहीन, कारण त्यांची उत्तरे आजच्या बाजारातच आहेत. मागच्या सीटसाठी एसीची जाळी बलेनोत २०२२ मध्ये आली आणि स्विफ्टमध्ये २०२४ च्या पिढीत, तीही वरच्या व्हेरियंटमध्ये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर जातो, तेव्हा ती जाळी ही चैन राहत नाही. म्हणून सर्वांत स्वस्त व्हेरियंट आईसाठी घेऊ नका.

डिकीचा विचार केला तर अल्ट्रोझ पुढे आहे. टाटाने मे २०२३ मध्ये तिच्यात एका मोठ्या टाकीऐवजी तीस-तीस लिटरच्या दोन लहान टाक्या तळाशी बसवल्या, त्यामुळे सुमारे २१० लिटर जागा शिल्लक राहते. ह्युंदाईने २०२४ मध्ये निऑस आणि एक्स्टरमध्ये हाच मार्ग धरला. बलेनोची पेट्रोल डिकी ३१८ लिटरची आहे, पण सीएनजीत टाकी तिचा मोठा भाग व्यापते. मुलीच्या वसतिगृहाचे सामान न्यायचे असेल तर शोरूममध्ये डिकी उघडून स्वतःची बॅग आत ठेवून पाहा.

घाटाबाबत स्पष्ट सांगतो: सीएनजीवर बलेनो सुमारे ७७ पीएस देते, अल्ट्रोझ सुमारे ७३ आणि स्विफ्ट सुमारे ७०. पाच माणसे, सामान आणि पूर्ण एसी असताना कन्नड घाट चढायचा तर पायथ्यालाच पेट्रोलवर घ्यावी आणि गिअर वेळेवर उतरवावा. आपल्याला डिझेलची सवय आहे, म्हणून अल्ट्रोझचे दीड लिटरचे डिझेलही एकदा त्याच चढावर चालवून पाहावे असे सुचवतो. त्याचा रोड टॅक्स अधिक पडतो, परंतु रोजचे धावणे पाहता हिशेब करून बघण्याजोगा आहे.

भुसावळहून:

सातपुडा_प्रवासी दादा, आपल्या एका विधानाशी मी सहमत नाही. वर्षभरातल्या फेरमांडणीसाठी थांबू नये, हे सुविधांपुरते खरे आहे, सुरक्षेबाबत नाही. बलेनोला सर्व व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग २०२५ मध्ये मिळाल्या, आणि त्या वेळी ना पिढी बदलली होती ना बंपर. म्हणून शोरूममध्ये आधीपासून उभी असलेली जुन्या उत्पादनाची गाडी सवलतीत मिळत असेल, तर त्याच गाडीत किती एअरबॅग आहेत हे प्रत्यक्ष पाहूनच होकार द्यावा.

पिढी बदलल्याने किती फरक पडू शकतो याचेही उदाहरण समोर आहे. तिसऱ्या पिढीच्या स्विफ्टला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत एकच तारा मिळाला होता, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या डिझायरला, म्हणजे स्विफ्टच्याच सेडान रूपाला, प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच. अमळनेर-धुळे रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्या माणसाने टचस्क्रीनच्या इंचांआधी हे पाहावे, असे मला मनापासून वाटते. अल्ट्रोझला २०२० मध्येच पाच तारे मिळाले होते, म्हणजे या बाबतीत तिच्यासाठी थांबण्याचे कारण उरत नाही. डिझायरचाही विचार करा, ती चार मीटरच्या आतलीच आहे.

अमळनेरकर:

आपणा सर्वांचे आभार. बलेनोसाठी थांबण्याचा विचार मी सोडला आहे. अल्ट्रोझ सीएनजी आणि डिझायर सीएनजी या दोन गाड्या घाटात चालवून निर्णय घेईन. एकच शंका उरली: शोरूमवाले मागच्या वर्षाच्या उत्पादनावर मोठी सूट देऊ करत आहेत. ती घ्यावी का?

सातपुडा_प्रवासी:

भुसावळच्या ताईंचा आक्षेप मान्य आहे. एअरबॅगसारख्या गोष्टीला माझा नियम लावू नये.

सवलतीबाबत सांगायचे तर उत्पादनाचा महिना आणि वर्ष फॉर्म २१ वर म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर लिहिलेले असते आणि चेसिस क्रमांकातही गुंफलेले असते. पैसे भरण्याआधी चेसिस क्रमांक मागून घ्या. पुढे गाडी विकताना गिऱ्हाईक उत्पादनाचे वर्षच विचारते, त्यामुळे चार-पाच वर्षांत विकणार असाल तर आजची सूट त्या तोट्याहून मोठी असली पाहिजे. दहा-बारा वर्षे वापरणार असाल तर तो फरक जवळपास पुसला जातो आणि सूट घ्यायला हरकत नाही. मात्र गाडी अनेक महिने उन्हात उभी असेल तर टायरवरची उत्पादनाची तारीख आणि बॅटरी तपासून घ्या.

किंमत आणखी उतरेल म्हणून थांबू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गातल्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के व उपकर यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, आणि लागोपाठ दुसरी तशी घट होईल असे मानायला आधार नाही. बुकिंगच्या पावतीवर बहुधा डिलिव्हरीच्या दिवसाची किंमत लागू होईल असे छापलेले असते, म्हणून आखाजीची गर्दी लक्षात घेऊन डिलिव्हरीची तारीख लेखी मागून घ्या.