स्वमग्न मुलांची झोप: आधी रात्र सावरायची की दिवस?

इंद्रायणीकाठ

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाचं दिवसाचं वागणं सुधारायची कुठलीही योजना आखण्याआधी त्याच्या रात्रीची चौकशी झाली पाहिजे. किमान दोन आठवडे झोपेची नोंद ठेवायची आणि ती पाहिल्याशिवाय थेरपीचे तास वाढवायचे नाहीत. सध्या बहुतेक ठिकाणी याच्या उलट चालतं. मला तो मुलांवर अन्याय वाटतो.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे, एकेका शब्दाने बोलतो. शाळेच्या डायरीत शेरा येतो, ‘चिडचिड केली, शेजारच्याला चावला, सूचना पाळत नाही.’ आदल्या रात्री तो बाराला झोपलेला असतो आणि पावणेचारला उठून स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्यांची उतरंड रचत बसलेला असतो. हे सगळं मी डायरीत लिहून पाठवलं. उत्तर आलं, वर्तनासाठी आठवड्याला आणखी दोन सत्रं लावा. एवढ्याशा झोपेवर मोठा माणूससुद्धा धड कामाचा राहत नाही. मुलाने मात्र रांगेत शांत उभं राहायचं.

स्वमग्न मुलांपैकी निम्म्याहून अधिक, काही अभ्यासांत तर ८० टक्क्यांपर्यंत मुलांना झोपेचा त्रास असतो. लवकर झोप लागत नाही, लागली तर मधेच मोडते, किंवा पहाटेच दिवस सुरू होतो. ६ ते १२ या वयाला रोज ९ ते १२ तास झोप हवी. ती मिळाली नाही तर कुठलंही मूल किरकिरं होतं, एका जागी बसत नाही, त्याचं लक्ष टिकत नाही. स्वमग्न मुलात तेच दिसलं की ‘ऑटिझममुळे’ म्हणून आपण मोकळे होतो.

आणि झोप सुधारली की दिवस सुधारतो याला पुरावाही आहे. २०१७ साली युरोप-अमेरिकेतल्या १२५ मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. मेलाटोनिन म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक. शरीरात हळूहळू उतरणाऱ्या मेलाटोनिनच्या गोळीने १३ आठवड्यांत झोप सरासरी ५७ मिनिटांनी वाढली. औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीने वाढली ९ मिनिटांनी. त्याच मुलांचं दिवसाचं वागणं नंतर पाहिलं तर आदळआपट आणि अतिचंचलपणा कमी झालेला होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्याने शासन निर्णय काढला, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवा, कारण लहान मुलांची झोप पुरी होत नाही. आमच्या मुलांची थेरपी मात्र शाळेच्या आधी म्हणून सकाळी सातला लावली जाते. ज्याला पहाटे पाचला कुठे पुन्हा डोळा लागलाय त्याला साडेसहाला उठवून रिक्षात घालायचं. हे थांबायला हवं.

खडूफळा

ताई, कळकळ पोचली. पण नोंद होईपर्यंत योजना अडवून धरायची, हे मला अजिबात मान्य नाही. मी विशेष शाळेत शिकवते, त्यामुळे दुसरी बाजू रोज बघते.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. मधली सुट्टी संपली की किंचाळायची, स्वतःचं मनगट चावायची. घरचे म्हणायचे, रात्रीची झोप होत नाही म्हणून. आम्ही काही दिवस काहीच न करता फक्त तिच्याकडे पाहत राहिलो. वऱ्हांड्यातली पितळी घंटा तिच्या बाकाजवळच्या खिडकीला लागूनच टांगलेली होती. शिपाईमामा घंटा द्यायला स्टुलावरून उठले की तिचे हात कानांकडे जायचे. घंटा अजून झालेलीही नसायची. आम्ही तिची जागा बदलली, घंटेआधी तिला चित्राचं कार्ड दाखवायला लागलो. हळूहळू चावणं थांबलं. झोप तेव्हा होती तशीच होती. ती पुढे काही आठवड्यांनी सुधारली, असं तिच्या आईनेच सांगितलं. आम्ही आधी झोपेची वही भरत बसलो असतो तर तिने तेवढे दिवस आणखी मनगट चावलं असतं.

म्हणजे दिवसही रात्र बिघडवतो. गोंगाट, भीती, न कळणाऱ्या सूचना हे सगळं अंगात साठवून मूल घरी येतं, मग त्याला झोप कशी लागणार? तुम्ही बाण एकाच दिशेने काढलाय.

अभ्यासांबद्दलही एक सांगते. झोपेची प्रश्नावली आणि वागण्याची प्रश्नावली बहुतेक वेळा एकच पालक, एकाच बैठकीत भरतो. जी आई स्वतः रात्रभर जागी आहे तिला दुसऱ्या दिवशीचं वागणं जास्तच बोचणार. त्यामुळे झोप आणि वागणं यांचं नातं कागदावर प्रत्यक्षापेक्षा घट्ट दिसू शकतं. तुम्ही दिलेल्या चाचणीत बाहेर दिसणारी आदळआपट कमी झाली हे खरं, पण भीती, चिंता अशा आतल्या त्रासात तसा फरक दिसला नव्हता. तेवढं बाजूला ठेवून चालणार नाही.

आणि मला खरी भीती वेगळीच आहे. आपल्याकडे ‘रात्र तपासा’ म्हटलं की चौकशी आईची होते. मोबाइल दिला असेल, उशिरा जेवू घातलं असेल, शिस्त नसेल. आधीच ती दमलेली आहे.

गाळा नंबर आठ

खडूफळाताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला माझं अनुमोदन.

आम्ही डोंबिवलीत एका खोलीत आणि स्वयंपाकघरात पाच जण राहतो. झोपेच्या सल्ल्याची छापील पत्रकं वाचली. मुलाची खोली अंधारी ठेवा, थंड ठेवा, पलंग फक्त झोपेसाठी वापरा, मूल जागं असतानाच खोलीबाहेर या. कुठल्या खोलीबाहेर? माझी आई त्याच खोलीत झोपते, तिला रात्री दोनदा उठावं लागतं आणि दिवा लावावाच लागतो. मी दुसऱ्या पाळीवरून साडेअकराला घरी येतो, तेव्हा जेवणाची भांडी वाजणारच. हा सल्ला ज्यांनी लिहिला त्यांच्यासमोर आमचं घर नव्हतं.

सणांचं तर बोलायलाच नको. नियम रात्री १० नंतर ध्वनिवर्धक बंद असा आहे, पण सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. मोठ्यांचा एक दिवस जातो. माझ्या मुलीची विस्कटलेली झोप मार्गावर यायला पुढे बरेच दिवस लागतात.

लोकांनी सुचवलं म्हणून जड पांघरूण मागवलं. पगाराच्या मानाने महाग होतं. मग वाचलं की इंग्लंडमध्ये ५ ते १६ वयाच्या ६७ स्वमग्न मुलांवर त्याची नीट चाचणी झाली होती, २०१४ साली निष्कर्ष आले. साध्या पांघरुणापेक्षा झोप वाढली नाही. मुलांना आणि पालकांना ते आवडलं मात्र जास्त. माझ्या मुलीलाही आवडतं, ती दुपारी ते अंगावर घेऊन बसते. ते ठीकच आहे, पण विकताना झोपेचं औषध असल्यासारखं विकू नका.

पंचगंगा

मी कोल्हापूरला बालरोगतज्ज्ञ आहे. आधी झोप की आधी वर्तन या वादात एक पायरी दोन्हीकडून गाळली जातेय, ती म्हणजे शरीर.

अशा मुलाचे पालक आले की मी आधी काही साधे प्रश्न विचारतो. घोरतो का? तोंड उघडं ठेवून झोपतो का, झोपेत घामाघूम होतो का? टॉन्सिल आणि नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड गाठी वाढल्या असतील तर श्वास अडकून रात्रभर झोप मोडते आणि सकाळी मूल चिडकंच उठतं. शी रोज होते का? स्वमग्न मुलांमध्ये बद्धकोष्ठता खूप आढळते, आणि न बोलणारं मूल पोट दुखतंय हे सांगणार कसं? जेवणात मोजकेच पदार्थ असतील तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघतो. लोह कमी असेल तर पाय सारखे हलतात, झोप अस्वस्थ होते. रात्रीचे झटके आहेत का? अपस्मार (फिट येण्याचा आजार) या मुलांमध्ये इतरांपेक्षा अधिक असतो. दाढ किडली आहे का? लक्ष टिकण्यासाठी चालू असलेलं औषध संध्याकाळी उशिरा दिलं जातंय का?

अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० मध्ये याच क्रमाने मार्गदर्शन केलं. आधी सोबतचे आजार आणि औषधं तपासा, मग झोपेच्या सवयी आणि वर्तनाचे उपाय करा, तेवढ्याने भागलं नाही तर मेलाटोनिन. तेही १ ते ३ मिलिग्रॅमपासून, झोपेच्या अर्धा ते एक तास आधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

दोन गोष्टी मात्र कृपया करू नका. सर्दी-अ‍ॅलर्जीचं गुंगी आणणारं सिरप झोपेसाठी देऊ नका. त्यातलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळाचा श्वास मंदावू शकतं, आणि मोठ्या मुलांतही कधी कधी उलट परिणाम होऊन मूल जास्तच चेकाळतं. दुसरं म्हणजे ऑनलाइन मिळणाऱ्या मेलाटोनिनच्या गमी. २०२३ मध्ये अमेरिकेत अशी २५ उत्पादनं तपासली, त्यातल्या २२ मध्ये वेष्टनावर लिहिलेलं प्रमाण आणि आतलं प्रमाण जुळत नव्हतं. एकात तर मेलाटोनिन सापडलंच नाही.

निळी छत्री

मी स्वतः स्वमग्न आहे. आता नोकरी करतो. वरचे सगळे प्रतिसाद वाचले. मुलाची झोप महत्त्वाची आहे असं सगळेच म्हणताय, पण कारण कुठलं देताय ते बघा. चावू नये म्हणून, वर्गात बसावं म्हणून, डायरीत शेरा येऊ नये म्हणून. थकवा मुलाला येतो. डोकं त्याचं जड होतं, ट्यूबलाइटचा उजेड त्याच्या डोळ्यांत टोचतो. त्याने शांतपणे सहन केलं असतं तर त्याच्या झोपेबद्दल कुणी विचारलं असतं का? मी लहानपणी कुणाला चावलो नाही. म्हणून माझ्या झोपेबद्दल कुणी कधीच विचारलं नाही.

दुसरं म्हणजे, रात्री जागं राहण्यात मला सुख होतं. घरातला टीव्ही बंद, कुणी डोळ्यांत बघून बोल म्हणत नाही, पंख्याचा एकसारखा आवाज तेवढा असतो. दिवसभर इतरांसारखं वागून दाखवल्यावर मला एकट्याला मिळणारा तेवढाच वेळ होता. तो वेळ दिवसा मिळाला असता, शाळेतून आल्यावर काही न विचारता तासभर एकटं सोडलं असतं, तर मी लवकर झोपलो असतो असं मला वाटतं. इंद्रायणीकाठ ताई, तुमचा मुलगा पहाटे डबे रचतो तेव्हा तो बिघडलेला नसतो. त्याला दिवसा डबे रचायला वेळ मिळतो का, हे जरा बघा.

इंद्रायणीकाठ

@निळी छत्री, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. शाळा, मग व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी), मग वाचा उपचार, मग गृहपाठ असा माझ्या मुलाचा दिवस असतो. रिकामा वेळ रात्रीच उरतो, हे तुमचं बरोबर आहे. संध्याकाळचं एक सत्र आम्ही बंद करतोय.

@खडूफळा, घंटेचं उदाहरण चोख आहे, पण मला ते माझ्याच बाजूचं वाटतं. तुम्ही काही दिवस फक्त पाहत राहिलात, लगेच वर्तनाचा तक्ता लावला नाही. तेच पाहणं मी रात्रीसाठी मागते आहे. आणि आईवर ठपका येतो म्हणून प्रश्नच विचारायचा नाही, हे मला पटत नाही. ठपका ठेवणाऱ्याला आपण गप्प करू. घोरतो का, हे न विचारल्यामुळे ज्या मुलाची वर्षं गेली त्याला कोण भरून देणार?

@गाळा नंबर आठ, खोली बदलता येत नाही हे मान्य. पण वहीला खोली लागत नाही. माझ्या वहीत इतकंच असतं: दिवा किती वाजता बंद केला, झोप कधी लागली, मधे किती वेळा उठला, सकाळी आपणहून उठला की उठवला, शी झाली का, त्या दिवशी घरात किंवा बाहेर काय वेगळं घडलं. सणाच्या रात्रीही त्यात आपोआप दिसतात. पुढच्या वर्षी मंडळाकडे जाताना तीच वही घेऊन जा.

गाळा नंबर आठ

वही करतो. मंडळाचे कार्यकर्ते ओळखीचेच आहेत, निदान कर्णे आमच्या खिडकीकडून फिरवतील.

खडूफळा

नवीन प्रवेशाच्या अर्जात पंचगंगा सरांचे प्रश्न घालायला मी मुख्याध्यापिकांशी बोलते. घोरणं, शी, फेरिटिन, सगळं. इंद्रायणीकाठ ताई, सकाळी सातच्या सत्राबद्दलही तुमच्याशी सहमत, ते वेळापत्रक मोठ्यांच्या सोयीचं आहे.

पण दोन आठवडे योजना थांबवणं, नाही. मूल स्वतःला इजा करत असेल तर मी पहिल्या दिवसापासून काम सुरू करणार आणि वही सोबत चालू ठेवणार. यावर तुमचं-माझं जुळणार नाही असं दिसतंय. सर, एक विचारायचं होतं. आमच्या वर्गातला एक मुलगा रात्री तीनला उठून तासभर एकटाच हसतो, मग झोपतो, सकाळी ताजातवाना असतो. आईवडील घाबरलेत. हे झटके असू शकतात का?

पंचगंगा

बहुतेक वेळा नसतात, पण हसण्याच्या रूपात येणारे झटकेही असतात, म्हणून न बघता सांगणार नाही. आईवडिलांना मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा, डोळे आणि हात दिसतील असं. हाक मारली तर बघतो का, हसणं मधेच थांबतं का, रोज अगदी तसंच होतं का, नंतर गुंगी येते का, हे लिहून ठेवा आणि चित्रीकरणासकट बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. ते गरज वाटल्यास झोपेतला ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) करायला सांगतील.