मर्सेन मूळ संख्यांच्या शोधाची प्रगती कशी मोजावी?

प्रश्न:
गिम्प्स या मर्सेन मूळ संख्यांच्या (२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांच्या) सामूहिक शोधात मी नुकताच माझा संगणक जोडला आहे. १० कोटींखाली ५७,६१,४५५ मूळ घातांक (स्वतः मूळ संख्या असलेले घातांक) आहेत आणि त्यांपैकी ३०,०१,१३४ हे ५ कोटींच्या आतले आहेत. तेव्हा ५ कोटींपर्यंतचा पट्टा तपासून झाला की निम्मे काम संपले, असे मानावे का? शिवाय २०२४ मध्ये १३,६२,७९,८४१ या घातांकाची, ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या सापडली, तरी तिला केवळ ‘ज्ञात’ संख्यांमधली बावन्नावी का म्हणतात?

उत्तर १:
नाही, कारण घातांक मोजणे म्हणजे काम मोजणे नव्हे. अशी संख्या मूळ आहे का हे ठरवणाऱ्या लुकास-लेहमर चाचणीत घातांकाइतक्याच बिटांच्या संख्येचा वर्ग जवळजवळ घातांकाइतक्या वेळा करावा लागतो. म्हणून घातांक दुप्पट झाला की श्रम चौपटीहून थोडे अधिक होतात. या हिशेबाने ५ कोटींपर्यंतचे काम १० कोटींपर्यंतच्या एकूण कामाच्या जेमतेम आठवा भाग भरते. टक्केवारीचे आलेख दिसायला सुंदर असतात, पण ते संगणनाच्या श्रमांत मांडलेले नसतील तर माझ्या मते निरुपयोगी आहेत.

उत्तर २:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. सर्वांत पुढे कोण पोहोचला यापेक्षा सर्वांत मागे काय उरले आहे, हे पाहावे. एकदाही न तपासलेला सर्वांत लहान घातांक आणि पडताळणी न झालेला सर्वांत लहान घातांक, हे दोनच आकडे मी पाहतो. ज्यांनी घातांक घेऊन काम अर्धवट सोडले, त्यांचे घातांक मुदत संपल्यावर दुसऱ्यांना दिले जातात, त्यामुळे हे आकडे कधी महिनोन्‌महिने हलत नाहीत आणि मग एकदम उडी घेतात. क्रमांक पक्का करायचा तर खालचा एकही घातांक पडताळणीविना राहून चालत नाही. ऑगस्ट २००८ मध्ये ४,३१,१२,६०९ हा घातांक सापडला. त्यानंतर सप्टेंबरमध्ये ३,७१,५६,६६७ आणि २००९ मध्ये ४,२६,४३,८०१ हे त्याहून लहान घातांक सापडले, म्हणून आधीच्याचा क्रमांक पुढे सरकला.

प्रश्नकर्ता:
म्हणजे प्रत्येक चाचणी दोनदा करावी लागते?

उत्तर २:
जुन्या पद्धतीत होय: दोन स्वतंत्र चाचण्यांच्या अंतिम शेषांचे शेवटचे ६४ बिट जुळले, तरच निकाल ग्राह्य धरला जातो. २०२० पासून संभाव्य-मूळ चाचणीसोबत (संख्या बहुधा मूळ आहे का हे पाहणाऱ्या चाचणीसोबत) ती बरोबर झाल्याची पुरावा-फाइल तयार करता येते आणि ही फाइल तपासायला पूर्ण चाचणीच्या तुलनेत अगदी थोडे काम पुरते. तुमचा संगणक नवा असेल तर हीच पद्धत निवडावी.

उत्तर १:
एक पुरवणी. ७,४२,०७,२८१ या घातांकाची संख्या मूळ असल्याचा निकाल सर्व्हरवर १७ सप्टेंबर २०१५ रोजीच पोहोचला होता, पण सूचना न गेल्यामुळे ७ जानेवारी २०१६ पर्यंत तो कोणाच्याच लक्षात आला नाही. त्यामुळे आपल्या खात्यातील निकालांची यादी अधूनमधून स्वतःच उघडून पाहत जा.