हौशी चित्रकारांनो, तुमची शैली कशी सापडली? (अनुभव धागा)

खडूची भुकटी (धागाकर्ती), कोलशेत, ठाणे

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून रविवारी रंगवणाऱ्यांपैकी मी एक. ऑइल पेस्टल, सॉफ्ट पेस्टल, कोळसा, मध्ये थोडं बॉलपेन, सगळं करून झालं. चित्रं वाईट होत नाहीत, शेजारी मागून नेतात इतपत बरी होतात. पण सगळी एकत्र मांडली की पाच वेगवेगळ्या माणसांनी काढलेली वाटतात. उपवनचा तलाव कॅलेंडरवरच्यासारखा गुळगुळीत. कोपिनेश्वराचं देऊळ नुसतं फराट्यांचं. आणि आईचं व्यक्तिचित्र ज्या व्हिडिओवरून शिकले, त्या बाईंचंच वाटतं.

तुम्ही यातून कसे बाहेर आलात? कागद बदलला, विषय बदलला, की काहीच न बदलता झालं? जेजेवाल्यांनीही (जे. जे. कलाशाळेत शिकलेल्यांनीही) लिहा, पण कृपा करून 'सराव करत राहा, आपोआप येईल' एवढंच लिहू नका. कुठल्या कागदावर, कुठल्या खडूने नक्की काय झालं ते सांगा.

नव्यांसाठी थोडक्यात: ऑइल पेस्टल म्हणजे शाळेतले तेलकट खडू, मेण आणि न वाळणारं तेल घातलेले. सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगद्रव्य, खडू आणि नावापुरता डिंक. पहिला कागदाला चिकटतो. दुसरा कागदावर नुसता बसतो आणि आपल्याला शिंक आली की उठतो.

ट्रान्सहार्बरवाला, घणसोली

माझा किस्सा लोकलमधला. सकाळी घणसोलीहून पनवेल गाडी पकडतो, रात्री परत. घरी मी चेहरे काढायचो, कापसाने घोटून घोटून गालांना साबणाच्या जाहिरातीतली तकाकी आणायचो. गाडीत ते शक्य नाही. समोरचा माणूस तुर्भ्याला उतरणार की बेलापूरला, आपल्याला काय माहीत? हातात दोन-चार मिनिटं, आणि डबा हलतो तो वेगळाच.

त्यामुळे नाकडोळे सुटले. उरली मान, खांदा आणि मांडीवरची बॅग. झोपलेल्या माणसाची मान एका बाजूला पडते तेव्हा कानापासून खांद्यापर्यंत एकच रेघ जाते, मधे कुठे तुटत नाही. मोबाइल बघणाऱ्याची मान पुढे वाकते आणि शर्टाची कॉलर मागून उघडी पडते. या दोन रेघा जमल्या की माणूस उभा राहतो. बसलेला असला तरी.

पेस्टल गाडीत काढायची सोय नाही, लोकांच्या कपड्यांना लागलं तर मार खावा लागेल. म्हणून रात्री घरी बॉलपेनचं स्केच उघडायचं आणि आठवेल तेवढंच रंगवायचं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेतलं स्मरणचित्र (न बघता आठवून काढायचं चित्र) आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडलं. आठवतात तेही फार तर तीन रंग: शर्ट, सीट आणि खिडकीबाहेरचा उजेड. तीन खडूंतच चित्र संपवतो. बायको म्हणते, तुझ्या चित्रांत कोणालाच चेहरा नसतो. खरंय. पण आता लोक लांबून ओळखतात की हे माझं.

कळव्याचा कावळा

शैली शैली काय लावलंय? मी एक चित्र असं काढतो, एक तसं. मजा येते. विकायची नाहीत, प्रदर्शन भरवायचं नाही, मग सही एकसारखी दिसली काय नि न दिसली काय?

खडूची भुकटी

कावळेबुवा, मुद्दा कबूल. पण मला त्या पाच माणसांपैकी नक्की मी कोण, हे बघायचंय. विकायची मलाही नाहीत.

नौपाड्याचा पेन्शनर

ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर जरा वैद्यकीय आहे.

बँकेतून निवृत्त झाल्यावर सॉफ्ट पेस्टल हातात घेतले. तेव्हापासूनची सगळी चित्रं उबदार, पिवळसर, तपकिरी. तलावपाळीची संध्याकाळ असो की जांभळी नाक्याची भाजीवाली, सगळ्यावर एकच छटा. लोक म्हणायचे, काका, तुमची स्वतःची एक शैली आहे. मलाही बरं वाटायचं.

मग मोतीबिंदू काढला. आधी उजवा, डाव्याची तारीख पुढे. मधल्या आठवड्यांत जे झालं ते सांगतो. पेटीतला निळा खडू हातात धरला. डावा डोळा मिटून उजव्याने पाहिला तर झळझळीत निळा, वर किंचित जांभळी झाक. उजवा मिटून डाव्याने पाहिला तर तोच खडू मळका, हिरवट, जुन्या काचेतून पाहावा तसा. खडू एक, रंग दोन! डॉक्टरांनी समजावलं की वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा उजेड अडवतं. फरक हळूहळू पडतो म्हणून कळत नाही. म्हणजे ज्याला लोक माझी शैली म्हणत होते ते माझं भिंग होतं.

मी त्या दिवसांत एक उद्योग केला. गडकरी रंगायतनच्या बाजूने मासुंदा तलाव, एकदा या डोळ्याने आणि एकदा त्या डोळ्याने, वेगवेगळ्या कागदांवर. दोन्ही चित्रं शेजारी लावली आहेत. गंमत अशी की रंग पार वेगळे, पण पाणी दोन्हींत मी एकाच पद्धतीने काढलंय: खडू आडवा धरून, डावीकडून उजवीकडे, मधेमधे कागद मोकळा सोडत. नाव वल्हवल्यासारखा हात चालतो. तेव्हा कळलं की भिंग काढलं तरी जे उरलं ते माझं. आता निळा भरपूर वापरतो, जरा जास्तच. मुलगी ओरडते.

नंतर वाचलं की फ्रेंच चित्रकार मोनेचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ साली झालं आणि त्यालाही रंगांनी असंच छळलं. शार्दँ हा फ्रेंच चित्रकार तर त्याच्याही आधीचा. उतारवयात तैलरंग डोळ्यांना सोसेनात म्हणून तो पेस्टलकडे वळला. त्याची १७७१ आणि १७७५ ची, चष्मा लावलेली पेस्टल आत्मचित्रं पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहेत. नेटवर मोठी करून बघा. गालावर हिरव्या-निळ्या रेघा सरळ ओढल्यात, पुसल्या नाहीत. मला त्या म्हाताऱ्याने फार धीर दिला.

खाडीकाठ, सीवूड्स

मी फ्लेमिंगोवाली. हिवाळा सुरू झाला की आमच्याकडे सगळे कॅमेरे घेऊन येतात, मी बोर्ड आणि पेटी घेऊन जाते. पहिल्या वर्षी सगळ्यांसारखंच केलं: पांढरा कागद, निळं आकाश, गुलाबी पक्षी. वाढदिवसाचं भेटकार्ड दिसत होतं.

बदल झाला तो चिखलामुळे. ओहोटीला तिथे बसून खरंच बघितलं तर पक्षी गुलाबी कमी आणि पांढुरका जास्त. गुलाबी पंखाच्या घडीत आणि पायांना. काळी पिसं तर उडेपर्यंत दिसतच नाहीत. आणि चिखल? मी त्याला कायम तपकिरी फासत होते. प्रत्यक्षात सकाळी तो जांभळट राखाडी असतो, पाणी उतरलेल्या जागी आकाश चमकतं, आणि पक्ष्यांनी चोच उलटी घालून चाळलेल्या जागी तो काळपट दिसतो. रंगांचा सगळा मामला पायाखाली आणि मी वर बघत बसले होते.

म्हणून कागद बदलला. करड्या रंगाचा टिंटेड कागद घेतला आणि चिखल रंगवायचाच नाही असं ठरवलं. कागद हाच चिखल. त्यावर पाण्याच्या चार फटी फिक्या निळ्याने, पक्ष्याला पांढरा आणि पीच यांचा एकेक दाब, की झालं. दाब म्हणजे खडू टेकवून किंचित फिरवायचा, ओढायचा नाही. ओढला की बदक होतं.

आता पक्षी नसतानाही जाते. पावसाळ्यात खारफुटी आणि रिकामा चिखल काढते, मागे टॉवरच्या ओळी. लोक विचारतात फ्लेमिंगो कुठे? गेले कच्छला, अजून काय सांगू. त्या रिकाम्या चित्रांतच मला माझं काहीतरी दिसायला लागलंय. (ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, तरी आमच्या बाजूच्या तळ्यांचं काय होणार यावर दर वर्षी भांडण चालूच असतं. ते दुसऱ्या धाग्यावर.)

शिकवणारी, ऐरोली

मी हॉबी क्लास घेते, त्यामुळे हा प्रश्न दर बॅचला येतो. माझं मत कडक आहे, राग मानू नका.

आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएट केलेल्या माणसाचा हात आधी बाह्यरेषा काढतो आणि मग आत रंग भरतो. वस्तुचित्रातला तांब्या असाच शिकवलाय. पेस्टलला ही सवय मानवत नाही, कारण खडूच्या टोकापेक्षा त्याची कूस कामाची. मी पहिल्या दिवशी खडूचं वेष्टण काढायला लावते आणि निम्मा मोडायला सांगते. नवा खडू मोडताना बायकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मग आडवा धरून नुसती सावली टाकायची, रेघ शेवटी. इथेच अर्ध्या लोकांची 'यूट्यूब शैली' गळून पडते, कारण व्हिडिओत ते टोकाने काढलेलं असतं.

दुसरं, नक्कल करायला घाबरू नका. बंगाली चित्रकार जामिनी रॉय कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले, व्यक्तिचित्रं करणारे. कालीघाटच्या पटांकडे (देवळाजवळ विकल्या जाणाऱ्या लोकचित्रांकडे) आणि बंगालच्या लोककलेकडे ते वळले ते १९२०च्या दशकात, म्हणजे पस्तिशी उलटल्यावर. फ्रेंच चित्रकार ओदिलों रदों पन्नाशीच्या आसपास पोचेपर्यंत मुख्यतः कोळसा आणि लिथोग्राफचा (दगडावरून घेतलेल्या छाप्याचा) काळा रंग वापरत होता. नंतर पेस्टल हाती घेऊन असे रंग उधळले की तोच माणूस का असा प्रश्न पडावा. पण नीट बघा, काळ्या चित्रांतली ती तरंगणारी, मिटल्या डोळ्यांची डोकी रंगांतही आहेत.

धागाकर्तीताई, तुमची पाच माणसं एकाच तलावावर बसवा. उपवन घ्या. गुळगुळीतही काढा, फराटेदारही काढा, व्हिडिओवाल्या बाईंसारखंही काढा. विषय तोच राहिला की प्रत्येकात काय सारखं राहतं ते दिसेल. आत्ता विषय आणि पद्धत दोन्ही बदलताय, म्हणून काही सापडत नाही.

तात्पुरती भाडेकरू, बेलापूर

मी आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहते. नाव ऐकून लोकांना वाटतं आम्ही सगळे दाढ्या वाढवून चित्रं काढतो. आमच्या गल्लीत चित्र काढणारी मी एकटी, तीही ऑइल पेस्टलने. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात ही घरं अशी आखली की एकाची भिंत दुसऱ्याला लागत नाही, आणि प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे आपलं घर वाढवावं. लोकांनी वाढवलंच! मूळ उतरतं छप्पर, त्यावर स्लॅब, त्यावर पत्रा, त्यावर पाण्याची टाकी. मी तेच काढते. एका घरावर साठलेले थर.

ऑइल पेस्टलमध्येही थरच करते, म्हणून हे जमून आलं असावं. खाली पिवळा-केशरी जाड, वर राखाडी, मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडायचं की भिंतीचा पोपडा निघाल्यासारखा खालचा रंग दिसतो. शाळेत काळ्या रंगाखाली फटाके खरवडून काढायचो, तीच युक्ती.

कागद म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर (घासायचा सँडपेपर) वापरते, बारीक दाण्याचा. रंग घट्ट धरतो आणि थरावर थर घेतो. दोन सूचना: खडू भराभर संपतात, आणि त्यावर बोटाने घोटू नका. माझ्या तर्जनीचं साल गेलं होतं, फोन माझा ठसा ओळखेना. शिवाय तो कागद वर्षानुवर्षं टिकायला केलेला नसतो, तेव्हा जपून ठेवायचं चित्र त्यावर काढू नका.

आणि ऑइल पेस्टलला पोरखेळ म्हणणाऱ्यांना: १९४९ मध्ये पॅरिसच्या सेनेलिए या रंग बनवणाऱ्या कंपनीने चित्रकारांच्या दर्जाचे ऑइल पेस्टल बनवले ते पिकासोला हवे होते म्हणून.

खडूची भुकटी

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! शिकवणारीताई, उपवनचा उद्योग या रविवारी सुरू करते. एक अडचण: सॉफ्ट पेस्टलवर फिक्सेटिव्ह (भुकटी धरून ठेवणारा फवारा) मारलं की माझे उजळ रंग मरतात. पाण्यावरचे चमकते ठिपके तर गायबच. तुम्ही काय करता?

शिकवणारी

मरतातच, पांढरा सगळ्यात आधी. शेवटी भसकन मारू नका. मधल्या थरांवर लांबून हलकं मारा, वाळू द्या, मग ठिपके सगळ्यात शेवटी ठेवा आणि त्यावर काही मारू नका. पेस्टलचा मोठा फ्रेंच चित्रकार देगासुद्धा थरांच्या मध्ये मारायचा. खिडकी उघडी ठेवा आणि लहान मूल घरात असेल तर गॅलरीत जा. भुकटी फुंकू नका, बोर्ड उभा करून मागून टिचकी मारा.

नौपाड्याचा पेन्शनर

मी मारतच नाही. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) जाड लावून घेतो, म्हणजे काच चित्राला टेकत नाही. एका फ्रेमवाल्याने न विचारता काच चिकटवून दिली होती, अर्धा तलाव काचेला गेला. आता स्वतः उभा राहून करून घेतो. पावसाळ्यात फ्रेम बाहेरच्या भिंतीवर लावू नका, ओल आली की मागून बुरशी धरते.

कळव्याचा कावळा

पेन्शनरकाका, ती दोन डोळ्यांची चित्रं बघायला मिळतील का? शैलीसाठी नाही, अशीच.

नौपाड्याचा पेन्शनर

या की. संध्याकाळी सहानंतर घरीच असतो. येताना कळव्याच्या खाडीपुलाचं काही काढलं असेल तर घेऊन या.